नाण्यांवरील अल्पायुषी राजपुत्र

इतिहास केवळ ग्रंथांतच असतो असे नाही. मुठीत मावणारे एखादे नाणेही तो शिकविते. म्हणूनच रोमन नाण्यांचे संग्राहक अकाली निवर्तलेल्या राजपुत्रांची नाणी आवडीने जमवितात. त्यांपैकी एकाचा आपण परिचय करून घेऊ.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने इ. स. पूर्व १७ मध्ये आपले दौहित्र गायस व लूसियस यांना दत्तक घेतले. चांदीच्या एका 'दिनारियस' नाण्याच्या एका बाजूस सम्राटाचे मस्तक असून दुसरीकडे हे बंधू उभे आहेत. मध्ये ढाली व भाले आहेत. नाण्यावर ऑगस्टसला 'राष्ट्रपिता' म्हटले आहे. ही पदवी त्यास इ. स. पूर्व २ मध्ये मिळाली; अर्थात नाणे त्यापूर्वीचे नव्हे. नाण्याचा काल ठरविण्याची रीत ती हीच.

पुढे लूसियस इ. स. २ मध्ये व गायस इ. स. ४ मध्ये मरण पावला. राज्य टायबेरियसकडे गेले. नाणी मात्र व्यापाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून दक्षिण भारतात आली व येथील भूमीत सापडली. ज्यांना सिंहासन लाभले नाही, त्यांची प्रतिमा एवढ्या दूर पोहोचली!

विद्यार्थी मित्रांनो, जुने नाणे सापडल्यास ते घासू नका, वितळवू देऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळवा. अक्षरे पुसली की त्यांबरोबर इतिहासही पुसला जातो, हे आम्ही आवर्जून सांगतो.