सेवेचे तास

सातारा

चि. सोनूस,


रविवारी तुझ्या आईचा फोन आला. स्वारी खुशीत होती. शाळेतल्या सकाळच्या अनाउन्समेंटमध्ये तुझं नाव घेतलं, सेवेचे 75 तास पुरे करणाऱ्यांत तू आहेस, आणि मे महिन्यातल्या हेरिटेज नाइटचं निवेदनही तूच करणार. मलाही बरं वाटलं. मग बोलता बोलता ती म्हणून गेली, "मराठी शाळेत हा चार-पाच रविवारच गेला हो, पण त्या काकांनी फॉर्मवर 30 तास लिहून सही दिली. ओळखीचेच आहेत." वहिनीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

सोनू, हे खरं आहे का? वहिनीच्या ऐकण्यात काही चूक झाली असेल, तर हे पत्र फाडून टाक आणि आत्यावर खुशाल रागाव. पण खरं असेल, तर पुढचं नीट वाच.

तुमच्या मेरिलँडचा हा नियम मी मुद्दाम समजून घेतला. शाळा संपवायची तर समाजासाठी काम केलंच पाहिजे, अशी अट 1992 मध्ये घालणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. त्यात नुसतं काम नाही. आधी तयारी, मग काम, आणि शेवटी आपण काय केलं, काय शिकलो याचा विचार, अशा तीन पायऱ्या आहेत. न गेलेल्या रविवारांबद्दल तू काय विचार लिहिलास रे? आणि ज्या चिमुरड्यांकडून तू बाराखडी गिरवून घ्यायचास, ती दाराकडे बघत बसली असतील, त्या रविवारांची सही कोण देणार?

आता तुझ्या हेरिटेज नाइटचं. अमेरिकेत आशियाई वंशाच्या लोकांच्या वारशासाठी मे महिनाच का, हे निवेदकाला ठाऊक हवं. पहिले जपानी स्थलांतरित अमेरिकेत आले ते मे 1843 मध्ये. आणि 10 मे 1869 ला युटामध्ये दोन बाजूंनी आलेले रूळ जोडले गेले, अमेरिका आगगाडीने या टोकापासून त्या टोकापर्यंत सांधली गेली. पश्चिमेकडच्या बाजूचे डोंगर फोडले ते हजारो चिनी मजुरांनी. सिएरा नेवाडाच्या बर्फात, सुरुंगांच्या धुरात कितीतरी जण मेले. पण रूळ जुळल्याच्या दिवसाचा तो प्रसिद्ध फोटो बघ, त्यात ते जवळजवळ दिसतच नाहीत. काम त्यांनी केलं आणि नाव कुठे लागलं नाही. त्यांच्या आठवणीच्या महिन्यात तू व्यासपीठावर उभा राहणार, आणि तुझ्या कागदावर काम नसताना नाव लागलेलं असणार. हे माझ्या मनातून जात नाही.

आपल्या घरात तर हे मुळीच शोभत नाही. आबांचं शिक्षण कसं झालं, तुला पाठ आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, म्हणून आबांसारखी शेतकऱ्याघरची पोरं शिकली. वसतिगृह चालवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मुलांनी मातीत राबायचं आणि शिकायचं, ही तिथली रीत. आबा शेवटपर्यंत म्हणायचे, फुकटचं घेतलं नाही म्हणून मान वर करून चालता आलं. तुझ्या बाबाने हे वाक्य किती वेळा ऐकलंय, विचार त्याला.

तुला आज जी संधी दारात चालून येते, तिच्यासाठी मी तुझ्या वयाची असताना झुरले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी भरायची. मे महिन्याच्या उन्हात राज्यभरातून मुलंमुली जायची, कुदळ-फावडी घेऊन राबायची. माझ्या मैत्रिणी गेल्या. मला घरून परवानगी मिळाली नाही, आणि मी हट्ट धरला नाही. पुढे लग्न, नोकरी, सासूबाईंचं आजारपण. 2008 मध्ये बाबा आमटे गेल्याची बातमी आली तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून रडले. त्या उन्हात आपणही असायला हवं होतं, हे अजून वाटतं. तुझे ते रविवार तू असेच जाऊ दिलेस, म्हणून मी इतकी तळमळते आहे. 30 या आकड्यापेक्षा ते रविवार गेल्याचं दुःख मला जास्त आहे.

फार बोलले का? बोलले असेन. अकरावीचं ओझं, परीक्षा, कॉलेजचे अर्ज, त्यात पोहण्याचा सराव. तुझा जीव किती ओढला जातो हे मला इथे बसून दिसत नाही असं समजू नकोस. आणि तू कामचुकार नाहीस. मागच्या सुट्टीत आजीला रोज आंघोळीनंतर वेणी घालून द्यायचास, तिची तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायचास. अजूनही ती वेणी घालताना तुझं नाव काढते. असा मुलगा कंटाळून एखाद्या सहीला हो म्हणाला असेल, लबाडीने नव्हे, एवढं मला कळतं.

अजून वर्षभर तुझ्या हातात आहे. शाळेतल्या समुपदेशक बाईंना जाऊन खरं सांग. जेवढे केलेस तेवढे ठेवायला सांग, उरलेले करून टाक. त्या काकांनाही आधी सांग, त्यांना शाळेकडून कळायला नको. पुढच्या अनाउन्समेंटमध्ये तुझं नाव नसेल, तर नसू दे. निवेदन काढून घेतलं, तरी आम्ही तुझा आवाज फोनवर ऐकू.

तुझा बाबा चिडेल. तो चिडला की आधी ओरडतो आणि मग जेवत नाही, हे तुलाही माहीत आहे. त्याला मी समजावीन, तू घाबरू नकोस. बोलायच्या आधी भीती वाटली तर मला फोन लाव. तिथे दुपार असली की इथे मध्यरात्र असते, पण तू लाव, मी उशाशी फोन ठेवून झोपते. काय बोलायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. आणि काहीच बोलावंसं वाटलं नाही, तरी लाव. नुसता "आत्या" म्हणालास तरी मला पुरे.

तुझीच,
आत्या