रविवार रात्रीची बादली

पावसाळ्यात माळशेजहून परतणारी गाडी रविवारी रात्री दहाच्या सुमारास मुलुंडच्या चेक नाक्याशी रखडलेली असते. मागच्या सीटवर दोघं पेंगलेले, पायाशी ओले बूट, काचेवर वाळलेला चिखल. घरी आलं की चावी खुंटीला, अंघोळ, पिठलंभात आणि झोप. सोमवारी तीच गाडी तशीच चिखलासकट ऑफिसला निघते. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. त्यात एक डिफरन्शियल गेलं, तेव्हा अक्कल आली.

झालं असं. जव्हारच्या बाजूला एक ओढा होता, फार खोल नव्हता. फोटो चांगला यावा म्हणून तो मी तीनदा ओलांडला. दीड-दोन महिन्यांनी ईस्टर्न एक्सप्रेसवर साठच्या पुढे गेलं की मागून घूं-घूं आवाज यायला लागला. टायरचा असेल म्हणून सोडून दिला. शेवटी मिस्त्रीने खालचा बोल्ट सोडला, तर ऑइलच्या जागी गाळात चहासारखं काहीतरी ओघळलं. बेअरिंग गंजलेली आणि दातांवर ओरखडे.

पाणी आत गेलं कसं? चालून तापलेलं डिफरन्शियल एकदम गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं खेचून घेते. म्हणून ॲक्सलवर श्वास घ्यायला एक बारीक टोपी असते, ब्रीदर. ती चिखलाने बुजली की हवा यायला वाट राहत नाही. मग ऑइल सीलच्या कडेने पाणी आत शिरतं. काड्यापेटीएवढीही नसलेली ही वस्तू बोटाने फिरवून मोकळी आहे की नाही ते पाहायचं, एवढंच काम. ओढा खोल असेल तर घरी आल्यावर डिफरन्शियलचा वरचा बोल्ट सोडून आत करंगळी बुडवावी. ऑइल पांढुरकं दिसलं तर पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता बदलून टाकावं. चार चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचं, मागचं आणि ट्रान्स्फर केस अशी ऑइलची तीन घरं असतात. गॅरेजवाला बहुधा इंजिन ऑइलचं विचारतो, बाकी तिन्हींचं आपण विचारायचं.

परदेशी व्हिडिओंत दिसतात त्या साइड-बाय-साइड गाड्या, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सीटा आणि भोवती पाइपांचा पिंजरा, आपल्याकडे रस्त्यावर चालवायला पासिंग होत नाहीत. लोणावळा-कर्जतकडच्या एखाद्या रिसॉर्टच्या आवारात त्यातली एक भेटलीच, तर एक लक्षात ठेवा. त्यातल्या बहुतेकींत गिअरच्या जागी रबरी पट्टा असतो. पट्टा भिजला की इंजिन किंचाळतं, पण गाडी हलत नाही. ॲक्सिलरेटर दाबत राहिलात तर पट्टा जळतो. न्यूट्रलमध्ये थोडा वेळ रेस देऊन तो वाळू द्यावा.

उपनगरातल्या माणसाच्या हाती खरी गाडी असते ती थार, जिम्नी किंवा कुणा काकांनी जपलेली जिप्सी. तिला दोन आयुष्यं जगायची असतात. पाच दिवस जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला क्लचवर लोंबकळायचं आणि सहाव्या दिवशी मुरबाडच्या पुढे मुरमात उड्या मारायच्या. सर्व्हिस बुकातले किलोमीटर पहिल्या आयुष्यासाठी लिहिलेले असतात.

आता बादली. सोसायटीत पाण्याची बोंब, उन्हाळ्यात तर वॉचमन नळीला हात लावू देत नाही. मी परतीच्या वाटेवरच, भिवंडीच्या आधी किंवा घोडबंदर रोडला, एखाद्या वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पवर चढवतो. तिथे एकच आग्रह धरायचा: आधी खालून. वरचं चकचकीत राहू दे. चेसिसचे कप्पे, मडगार्डच्या आतल्या कडा, पाटे असतील तर पाट्यांच्या मधल्या फटी, इथे बसलेला चिखल आठवडाभर ओल धरतो आणि लोखंड खातो. देशावरची काळी माती तर वाळली की सिमेंटच. फवारा मात्र रेडिएटरच्या जाळीवर, वायरींच्या जोडांवर आणि ऑइल सीलवर जवळून मारू देऊ नका. वॉशिंग सेंटर हुकलं तर घरी दोन बादल्या आणि एक जुना झाडू पुरतो, फक्त त्याच रात्री. केळवे, अर्नाळ्याच्या वाळूचा मोह तर टाळाच. खारं पाणी धुतल्यासारखं वाटतं, पण धुतलं जात नाही. आणि भरतीत रुतलेल्या गाडीचे फोटो दरवर्षी पेपरात असतातच.

पाण्यातून आलेल्या गाडीला त्या रात्री हँडब्रेक लावू नये. थारला काय, जिम्नीला काय, मागे ड्रम ब्रेक असतात. आत चिखलपाणी राहिलं की सकाळपर्यंत लायनर ड्रमला चिकटतात आणि चाक सुटत नाही. गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा. ओढ्यातून बाहेर पडल्यावर शंभरेक मीटर ब्रेक हलका दाबत चालवलं तर पाणी उडून जातं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग घाटात तापलं की उकळतं, पाय खाली जातो. दर दोन वर्षांनी ते बदला. मुंबईच्या दमटपणात हा खर्च वाचवू नये. माळशेज उतरताना तर दुसरा गिअर हाच खरा ब्रेक.

नव्या थारच्या पुढच्या चाकांच्या आत, शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी बूट असतात. महिन्यातून एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने पाहा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर बूट फाटलाय. तेव्हाच बदलला तर रबराचे पैसे जातात, पुढच्या पावसानंतर अख्ख्या शाफ्टचे. जिप्सीवाल्यांनी प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीसगन लावत राहावी.

चारचाकी ओढ वापरली नाही तरी बिघडते. सहा महिने लिव्हर हलवलाच नाही तर ऐन चिखलात तो हलत नाही. महिन्यातून एकदा आतलं ऑइल फिरलं पाहिजे. पण हे डांबरावर करायचं नाही. थार आणि जिम्नीत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत तो फरक चाकं घसरून भागवतात, कोरड्या रस्त्यावर तो ताण गिअरांवर येतो. म्हणून ४-हाय मातीवर, ४-लो चढ-उताराला, आणि टार रोड लागला की पुन्हा दोन चाकांवर.

थारची पाण्यात उतरायची कंपनीने सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, म्हणजे गुडघ्याच्या बरंच वर. आकडा साचलेल्या पाण्याचा समजा, वाहत्या पाण्याला गुडघाही जास्त. आधी काठी घेऊन स्वतः चालून जा. माणसाचा पाय ठरत नसेल तर गाडीचं चाकही ठरणार नाही. आत गेल्यावर बंद पडलीच तर चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टोचन करून बाहेर काढा. हा धडा अंधेरी सबवेतही तंतोतंत लागू आहे, आणि तिथे इंजिनं रानापेक्षा जास्त मरत असावीत असा माझा संशय आहे.

टायरची हवा चिखलात वीस पीएसआयपर्यंत उतरवली की पकड लगेच वाढते. मात्र परत भरायला बारा व्होल्टचा पंप सोबत हवा. तशा चाकांवर हायवेला ऐंशीने येणं म्हणजे टायरच्या बाजू भाजून काढणं. उन्हाळ्यात एअर फिल्टर दर दोन फेऱ्यांनी काढून झटका. हवा मारायचीच तर आतून बाहेर.

उंदरांचा विषय वेगळाच. घाटकोपरच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत विचारा. डिक्कीत राहिलेला चिवड्याचा पुडा, बॉनेटखालची ऊब, आणि सकाळी वायर कुरतडलेली. डिक्की रिकामी करून मगच झोपा. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या सगळे ठेवतात. माझ्या पार्किंगमधले उंदीर दोन्हींना सरावले आहेत.

गाडी कितीही तयार असली तरी येऊर आणि नॅशनल पार्कच्या आत वाट सोडून घालायची नाही. तो वनकायद्याने गुन्हा आहे. बाहेरगावी भातखाचराच्या बांधावरून तर मुळीच नाही. आपल्याला ती चाकोरी वाटते, शेतकऱ्याचं त्यात पाणी अडलेलं असतं. पुढे लोखंडी बुलबार लावायचा विचारही सोडा, केंद्र सरकारने २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला सांगितलंय.

झोपण्याआधी शेवटचं काम दोन मिनिटांचं. इंजिनपासून मागच्या ॲक्सलपर्यंत गाडीखाली जुने पेपर पसरा, वर चार दगड ठेवा. सकाळी डाग वाचायचे. काळपट पातळ असेल तर इंजिन ऑइल. जाड, उग्र वासाचं असेल तर गिअर किंवा डिफरन्शियल. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे बघा. हिरवट किंवा गुलाबी, चिकट, तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर ब्रेक ऑइल, आणि मग त्या दिवशी लोकलने जायचं. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, चावी घ्या आणि निघा.