ओढ्यांतील पाणभुंगेरे कसे ओळखावे?

नौपाड्यांतील पावसाचें पाणी आतां बहुधा बांधीव गटारांतून वाहतें. खडकांवरून खळाळणारा ओढा पाहावयाचा, तर येऊरच्या डोंगराकडे वळावें लागतें. अशा ओढ्याच्या कांठीं क्षणभर स्वस्थ बसलें, कीं पाण्यांत काळे, चकचकीत किडे फिरतांना दिसतात. “सर, हा कोणता किडा?” असा प्रश्न विद्यार्थी लगेच करितात. नांव देण्याची घाई न करितां चार गोष्टी क्रमानें पाहाव्या, असें आम्ही त्यांस सांगतों.

पहिली गोष्ट, तो भुंगेरा आहे काय? भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक असून पाठीच्या मधोमध सरळ रेषेंत एकमेकांस मिळतात, व त्यास चावणारे जबडे असतात. ढेकणाच्या वर्गांतील पाणकिडेही दिसण्यांत तसेच. परंतु त्यांस जबड्यांऐवजीं टोचणारी सोंड असते व त्यांच्या पंखांचीं टोकें एकमेकांवर येतात. त्यांतील मोठ्या जातीचा दंश फार झोंबतो, म्हणून असा किडा उघड्या हातानें धरूं नये.

दुसरी गोष्ट, तो पाण्यावर आहे कीं पाण्याखालीं? पृष्ठभागावर टोळीनें गरगर फिरतात ते गिरकीचे भुंगेरे. त्यांचा प्रत्येक डोळा दोन भागांत विभागलेला असतो. वरचा भाग हवेंतील पाहतो व खालचा पाण्यांतील.

तिसरी गोष्ट, तो बुडी मारणारा असल्यास पाय कसे मारतो व श्वास कसा घेतो? शिकारी पाणभुंगेरा मागचे दोन्ही पाय वल्ह्यांप्रमाणें एकदम मारतो आणि शेपटीकडील टोक वर काढून हवा घेतो; त्याच्या मिशा दोऱ्यासारख्या बारीक असतात. दुसऱ्या कुळांतील भुंगेरा पाय आळीपाळीनें हलवितो व डोक्याच्या बाजूनें हवा घेतो. त्याच्या मिशा आंखूड व टोकाशीं जाड असतात. मोठेपणीं तो बहुधा कुजक्या वनस्पतींवर निर्वाह करितो.

येथें आम्हीं स्वतः एकदां चूक केली आहे. वर्गांत आणलेल्या भुंगेऱ्याच्या डोक्यापुढें बारीक मिशा पाहून आम्हीं फळ्यावर ‘शिकारी’ असें लिहिलें. मागच्या बांकावरील एक मुलगा म्हणाला, “सर, हा तर पाय आळीपाळीनें मारतो.” भिंगांतून पाहिलें, तों त्या मिशा नव्हत्याच, ते तोंडाजवळचे चाचपण्याचे लांब अवयव होते, आणि खऱ्या मिशा डोक्याखालीं दुमडलेल्या होत्या. लिहिलेलें नांव आम्हीं सर्वांदेखत पुसलें.

चौथी गोष्ट, तो पोहतो कीं चालतो? वेगवान पाण्यांत दगड धरून राहणारे, कांहीं मिलिमीटर लांबीचे भुंगेरे पोहत नाहींत. लांब नख्यांनीं चालतात. अंगावरील सूक्ष्म केसांत हवेचा पातळ थर धरून ते पाण्यांतील प्राणवायु घेतात, त्यामुळें त्यांपैकीं पुष्कळांस वर यावें लागत नाहीं. दगडाखालीं तांब्याच्या पैशासारखी चपटी, गोल अळी चिकटलेली आढळल्यास ती दुसऱ्या एका कुळांतील भुंगेऱ्याची असते. हीं दोन्हीं कुळें प्राणवायूनें समृद्ध अशा वाहत्या पाण्यावर अवलंबून असतात; सांडपाणी मिसळूं लागलें, कीं तीं बहुधा नाहींशीं होतात. म्हणून किड्याचें नांव ही ओढ्याविषयींची साक्ष होय. नांव चुकलें, तर बिघडलेला ओढा निरोगी ठरेल. आणि खोटी साक्ष मुक्या ओढ्याविषयीं दिली, तरी ती खोटीच.

येऊरचें वन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मोडतें; तेथें कांठावरूनच पाहावें, कांहींही धरूं नये. सुटींत गांवीं गेलांत, तर पाऊस ओसरल्यावर, वडील माणसांबरोबर ओढ्यावर जावें. पांढऱ्या थाळींत थोडें पाणी घेऊन किडा पाहावा व तेथेंच सोडावा. वहींत तारीख, ठिकाण व पाण्याचा वेग लिहावा. पालकांसही आमची विनंती आहे कीं, त्या वहींत ‘भुंगेरा, कूळ ठरलें नाहीं’ असें दिसल्यास पाल्यावर रागावूं नये. इतकें खरें लिहितां येणें हाच शास्त्राभ्यासाचा आरंभ होय.