मी काहीच उघडलं नाही, मग लॅपटॉप का धापा टाकतो?

प्रश्न : सकाळी लॅपटॉप सुरू केला की पहिली पंधरा-वीस मिनिटं पंखा घोंघावत राहतो. मी काहीही उघडलेलं नसतं, तरी टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू नव्वद टक्क्यांच्या वर दिसतो. नंतर आपोआप शांत होतो. भाचा म्हणतो, सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकू. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. माझं काम सुरू होण्याआधी हा करतो तरी काय?
— एक निवृत्त शिक्षिका, माधवगंज, लष्कर (ग्वाल्हेर)

उत्तर : तुमचं लष्कर म्हणजे १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची जी छावणी पडली, तिचंच झालेलं शहर. छावणीत लढणारे असत, आणि त्यांच्याबरोबर बुणग्यांचा मोठा गोतावळा असे : पाणके, शिंपी, लोहार, धान्य आणणारे बंजारे. लढाईत ते दिसत नसत, पण पहाटे चुली सगळ्यांच्याच पेटत. लॅपटॉपमध्येही तुम्ही उघडता ते दोन-चार प्रोग्रॅम, आणि मागे न दिसणारे शंभराहून अधिक. सुरू होताच तेही सगळे एकदम कामाला लागतात.

तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य म्हणजे ‘नंतर आपोआप शांत होतो’. कामं संपली की थांबणारं यंत्र बहुधा निरोगी असतं. भाच्याला आठवडाभर थांबायला सांगा.

गर्दी सकाळीच का होते, त्याचं कारण आपल्या घरांच्या चांगल्या सवयीत आहे. विंडोजची नित्य देखभाल मुळात रात्री दोनच्या ठोक्याला नेमलेली असते. आपण रात्री लॅपटॉप बंद करून प्लगचं बटणही दाबतो. मग ती राहिलेली कामं दुसऱ्या दिवशी यंत्र चालू असताना उरकली जातात. त्यातच नवे अपडेट येतात, विषाणूंची तपासणी सुरू होते, फाइल पटकन सापडावी म्हणून त्यांची सूची तयार होते.

आता पाहा कोण किती खातं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, ‘प्रोसेसेस’मध्ये ‘सीपीयू’ या मथळ्यावर क्लिक करा. सर्वांत खादाड नाव वर येईल. तीन सकाळी ते नाव आणि वेळ वहीत लिहा. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हा विंडोजचा स्वतःचा पहारेकरी, ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ म्हणजे अपडेट बसवणारा, ‘सर्च इंडेक्सर’ म्हणजे सूची करणारा. हे तिघे दिसले तर त्यांना काम पुरं करू द्या. मध्येच बंद केलं, तर राहिलेलं काम घेऊन ते पुन्हा येतील.

चूक या सरकारी नोकरांचीही असू शकते, हे मात्र मान्य करायला हवं. २०१३ साली विंडोज एक्सपीच्या असंख्य यंत्रांवर सुरू होताच सीपीयू शंभर टक्क्यांवर जाऊन बराच वेळ तिथंच अडकत असे. एका अपडेटची जागा दुसऱ्यानं, त्याची तिसऱ्यानं घेतलेली अशी इंटरनेट एक्सप्लोररची लांबलचक साखळी झाली होती, आणि ती तपासण्याची रीत अशी होती की एकेक कडी वाढली की काम दुपटीनं वाढे. वापरणाऱ्यांनी आपल्या यंत्रांना दोष दिला. शेवटी मायक्रोसॉफ्टनं जुन्या कड्या काढून टाकल्यावर तो त्रास थांबला.

तुमच्या हातात आहे तो ‘स्टार्टअप ॲप्स’चा विभाग. तिथं प्रत्येक नावापुढे परिणाम लिहिलेला असतो. ‘हाय’ याचा अर्थ तो प्रोग्रॅम सुरुवातीला सीपीयूचा एका सेकंदाहून अधिक वेळ घेतो किंवा डिस्कवर तीन एमबीहून अधिक वाचतो-लिहितो. व्हिडिओ कॉलचे प्रोग्रॅम, प्रिंटरचे मदतनीस, कधीकाळी एकदाच वापरलेलं काही, यांना ‘डिसेबल’ करा. ते पुसले जात नाहीत, हाक मारल्यावर येतात. एका दिवशी एकच बंद करा, म्हणजे फरक कशानं पडला ते कळेल. टचपॅड, आवाज आणि मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रॅमला हात लावू नका. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढाच. ते एकमेकांच्या फाइली तपासत बसतात.

आणखी एक. ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज बहुतेकदा आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. अडकलेलं काही असेल तर तेही परत येतं. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करा. तेव्हा खरी नवी सुरुवात होते.

दुकानदाराकडे जायचंच झालं तर आधी ‘डिस्क’चा रकाना बघा. सीपीयू उतरल्यावरही डिस्क शंभर टक्क्यांवर असेल आणि आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवून मागा. नव्या लॅपटॉपपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं आणि मेमरी पुरेशी असेल तर जुन्या यंत्राला खरोखर जीव येतो.

अनोळखी नाव तासन्‌तास वर बसलेलं असेल, काही न करता यंत्र तापत असेल, तेव्हा मात्र थांबू नका. ‘विंडोज सिक्युरिटी’तली ऑफलाइन तपासणी चालवा. दुसऱ्याच्या यंत्रावर चोरून आभासी चलन बनवणारे प्रोग्रॅम असेच वागतात.

तोवर येत्या रविवारी जेवणं होईपर्यंत लॅपटॉप चार्जरला लावून चालूच ठेवा, झोपू देऊ नका. गादीवर नको, टेबलावर. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तर पंख्याखालीच. आठवडाभराच्या तुंबलेल्या कामाला तेवढा वेळ लागेल.