फुलस्क्रीन केल्यावर चित्र ‘फाटतं’ का? संगणक अपग्रेड केल्यानंतरची एक अडचण



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी विंडोज ११ टाकलं जातंय. अपग्रेडनंतर कधी कधी असं होतं: व्हिडिओ छोट्या खिडकीत नीट चालतो, पण फुलस्क्रीन केला की चित्राच्या मध्ये आडवी चीर पडते. वरचा भाग एकीकडे, खालचा थोडा सरकलेला. यालाच स्क्रीन टेअरिंग म्हणतात. लगेच ‘प्रोजेक्टर गेला’ असं ठरवून शाळा अनुदानातून खर्च करू नका. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा असतो आणि तो फुकटात दुरुस्त होतो.

असं का होतं?

समजा, तुम्ही फळ्यावर गणित लिहिलंय आणि मूल वरून खाली उतरवून घेतंय. ते अर्ध्यावर असतानाच तुम्ही फळा पुसून दुसरं गणित लिहिलं, तर वहीत वर जुनं आणि खाली नवं गणित येईल. इथे वही म्हणजे स्क्रीन. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा, म्हणजे साधारण १७ मिलिसेकंदांत एकदा, वरून खाली चित्र काढते. त्याच्या मध्येच ग्राफिक्सने नवं चित्र पुढे केलं की चीर दिसते. ‘मुलांचं लिहून होईपर्यंत थांबा’ या नियमाला व्ही-सिंक म्हणतात.

खिडकीत व्हिडिओ चालतो तेव्हा हा मेळ विंडोज स्वतः घालते. फुलस्क्रीनमध्ये चित्र थेट स्क्रीनकडे जाऊ शकतं, मग मेळ घालायचं काम ॲप आणि ग्राफिक्स ड्रायव्हरवर येतं. अपग्रेडमध्ये हा ड्रायव्हर बदलला किंवा गेला, की बिघाड फुलस्क्रीनमध्येच दिसतो.

आधी ओळखा

स्थिर फोटो फुलस्क्रीन लावा. त्यातही रेघ त्याच जागी दिसली तर केबल किंवा स्क्रीन तपासा. फक्त हलत्या चित्रात चीर पडत असेल तर ते टेअरिंग. व्हिडिओ थांबून थांबून चालत असेल तर तो प्रश्न वेगळा, नेटचा किंवा संगणकाच्या वेगाचा. आणि स्क्रीनशॉटमध्ये चीर सहसा येत नाही. कोणाला दाखवायची तर मोबाईलने व्हिडिओ काढा.

मग हे क्रमाने करा

१. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं तर खरा ड्रायव्हर नाहीच. विंडोज अपडेटमधल्या ऑप्शनल अपडेट्समध्ये किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर तो शोधा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या ज्या पाड्यांवर नेट नाही, तिथे तालुक्याला गेल्यावर पेनड्राइव्हमध्ये उतरवून आणा. त्यासाठी संगणकाचं मॉडेल आधी लिहून न्या.

२. संगणक आणि प्रोजेक्टर दोन्हींवर एकच चित्र असेल तर मेळ एकाशीच बसतो आणि दुसऱ्यावर चीर पडू शकते. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ करून बघा.

३. फक्त ब्राउझरमध्येच त्रास असेल तर त्याच्या सेटिंगमधलं ग्राफिक्स ॲक्सेलरेशन बंद असल्यास चालू, चालू असल्यास बंद करून बघा. नंतर ब्राउझर पुन्हा उघडा.

४. नव्या ड्रायव्हरनंतरच बिघडलं असेल तर ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. काहीच जमलं नाही, तर अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत रिकव्हरीतून विंडोज १० वर परत जाता येतं. त्याआधी फाइल्सची प्रत काढून ठेवा.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक वेळी तोच व्हिडिओ लावून बघा. म्हणजे नेमकं कशाने सुधारलं ते कळतं. पाचवीच्या पुढची मुलं असतील तर त्यांनाही सोबत बसवा. अंदाज, बदल, निरीक्षण, नोंद हा विज्ञानाचाच पाठ आहे. काय बदललं ते कागदावर लिहून संगणकाजवळ चिकटवा, पुढच्या शिक्षकाला उपयोगी पडेल.

तुमच्या शाळेत कोणत्या उपायाने काम झालं, ते जरूर कळवा.