दोन यंत्रांचा अबोला

समजा, तुम्ही रत्नागिरीजवळच्या समुद्रात एका नौकेवर आहात. सुकाणूशेजारी दोन यंत्रे आहेत. पहिले जीपीएस. उपग्रहांच्या संकेतांवरून ते नौकेचे अक्षांश-रेखांश काढते. दुसरा व्हीएचएफ रेडिओ. त्यावर झाकणाखाली एक तांबडे बटण आहे. संकटात ते दाबून धरले की 70 क्रमांकाच्या वाहिनीवरून नौकेची ओळख आणि ठिकाण आपोआप प्रक्षेपित होते. हे ठिकाण जीपीएसने रेडिओला तारेवरून सांगायचे असते. आज जीपीएसवर आकडे दिसत आहेत, पण रेडिओ म्हणतो, 'ठिकाण उपलब्ध नाही'. अशा वेळी मदत मागितली, तर मदतीला येणाऱ्यांनी शोधायचे कोठे?

एकदम सगळ्या तारा उपसू नका. माहिती ज्या वाटेने जाते त्याच वाटेने, उगमापासून एकेक टप्पा तपासत चला.

पहिला टप्पा बोलणाऱ्याचा. पडद्यावर आकडे दिसतात म्हणजे ते बाहेर जातातच असे नाही. अनेक यंत्रांत माहिती बाहेर पाठवण्याची सोय मुद्दाम चालू करावी लागते. ती आधी पाहा.

दुसरा टप्पा तारांचा. अशा यंत्रांच्या संभाषणासाठी अमेरिकेतील एका संघटनेने 1983 साली 'एनएमईए 0183' हे मानक ठरवले. त्यात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. वर्गात शिक्षक आणि विद्यार्थी असतात तसे. बोलणाऱ्याच्या 'पाठवणे' या तारा ऐकणाऱ्याच्या 'घेणे' या तारांना जोडायच्या. 'पाठवणे' ला 'पाठवणे' जोडले तर दोघेही बोलतात, ऐकत कोणीच नाही! शिवाय विद्युत्प्रवाहाला परतीची वाट लागते, म्हणून एक तार जोडून भागत नाही. तारांच्या रंगांवर विसंबू नका. प्रत्येक कारखान्याचे रंग निराळे असतात. माहितीपुस्तिका पाहा. खारट हवेने जोडांवर चढलेला हिरवट थरही तपासा.

तिसरा टप्पा वेगाचा. या मानकाचा नेहमीचा वेग सेकंदाला 4800 बिट. एका अक्षराला 10 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 480 अक्षरे. पण इतर जहाजांची माहिती देणारे एआयएस यंत्र बहुधा 38400 बिट, म्हणजे आठपट वेगाने बोलते. ऐकणाऱ्याचा वेग जुळवला नाही, तर तारा ठीक असूनही त्याला निरर्थक अक्षरेच मिळतात.

चौथा टप्पा वाक्याचा. जीपीएस ठरावीक साच्याची वाक्ये पाठवते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पडताळ्याचा आकडा असू शकतो. तो काढण्यासाठी अक्षरांचे द्विमान अंक एकाखाली एक मांडतात. दोन अंक सारखे असतील तर 0, वेगळे असतील तर 1. उदाहरणार्थ, 1000111 आणि 1010000 यांपासून 0010111 मिळतो. वाटेत एक जरी बिट बदलला, तरी आकडा जुळत नाही आणि ऐकणारे यंत्र ते वाक्य टाकून देते. हे योग्यच आहे. चुकीच्या ठिकाणापेक्षा मौन बरे!

पाचवा टप्पा अर्थाचा, आणि इथे चूक यंत्राची नसून आपली असते. वाक्यात अक्षांश 1659.50 असा येतो. त्याचा अर्थ 16 अंश, 59.50 मिनिटे. हे .50 म्हणजे अर्धे मिनिट, अर्थात 30 सेकंद. कोणी ते '50 सेकंद' असे वाचून रेडिओवर सांगितले तर 20 सेकंदांची चूक होते. अक्षांशाचे 1 मिनिट म्हणजे सुमारे 1852 मीटर. म्हणून ही चूक 600 मीटरांहून अधिक! रात्रीच्या समुद्रात एवढ्या अंतरावरचे माणसाचे डोके दिसेल का?

दोष सापडला, रेडिओवर आकडे उमटले, तरी काम संपले नाही. दोन्ही पडद्यांवरचे ठिकाण ताडून पाहा. वेळही पाहा. वाक्यातील वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. ती पुढे सरकत नसेल, तर रेडिओ कदाचित जुनेच ठिकाण धरून बसला असेल. मात्र तांबडे बटण चाचणीसाठी कधीही दाबू नका. ती खरीच हाक ठरते.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न : वरच्या उदाहरणात दोन्ही संख्यांतील शेवटचा अंक एकाच वेळी बदलला, तर पडताळ्याला चूक कळेल का? कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा.