दासोह, दास्य आणि उचल



मागील लेखात आपण 'कायक' या शब्दाचे चिंतन केले. आज 'दासोह' हा शब्द घेऊ. 'दासोऽहम्', म्हणजे मी दास आहे, अशी त्याची फोड जाणकार करतात. संस्कृतात दास हा शब्द मानाचा नव्हता. ज्याला स्वतःच्या श्रमावर हक्क नाही, ज्याचा देह धन्याचा, तो दास. असा हीन मानलेला शब्द शरणांनी उचलला आणि स्वतःला लावला. मी दुसऱ्याला दास करणार नाही, मीच समाजाचा दास होईन, असा तो निश्चय होता. येथे शब्द तोच राहिला, दिशा मात्र उलटली. आपल्या मठांतून दासोह म्हणजे केवळ अन्नदान, पंगत, एवढाच अर्थ उरला आहे. पंगत हवीच, पण पंगतीतील तांदूळ कोठून आला, हे विचारणेही दासोहात येते. आयदक्की लक्कम्मेची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. पती मारय्या रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ वेचून घरी आला, तेव्हा त्या माउलीने तो परत करावयास लावला. घरात अन्नाचा सुकाळ नव्हता, तरीही.

हे सर्व आठवण्याचे कारण कडोदऱ्याचा मुक्काम. सुरत जिल्ह्यातील हे गाव आता गाव राहिलेले नाही. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आणि सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा रस्ता यांचा येथे चौक आहे. एका अंगाला कापडाच्या मिला आणि माग, दुसऱ्या अंगाला ऊस आणि शेजारी चलथाणचा सहकारी साखर कारखाना. खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या काही शरणकुटुंबांनी इष्टलिंगपूजेसाठी बोलावले होते. पहाटे फिरावयास गेलो तो रस्त्याच्या कडेला पाले दिसली. प्लास्टिकचे कागद, बांबू, तीन दगडांची चूल. एक बाई लेकराला दटावीत होती आणि तिची भाषा आपली अहिराणी! धुळे-नंदुरबारकडील ऊसतोड मजूर. त्यांना येथे नावाने कोणी हाक मारीत नाही, 'कोयता' म्हणतात. नवरा-बायको आणि हाताशी आलेले पोर मिळून एक कोयता. हत्याराचे नाव माणसाला मिळाले.

या भूमीत हे नवे नाही. सुरत परिसरात हाळीप्रथा होती. अनाविल ब्राह्मण आणि पुढे पाटीदार जमीनदारांच्या पदरी दुबळा जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राबत. धन्याला धणियामा म्हणत, नांगर धरणाऱ्याला हाळी. (दुबळा हे जमातीचे नाव आपल्या कानाला किती बोचते! पुढे गांधीवादी कार्यकर्त्यांच्या काळात हळपती, म्हणजे नांगराचा स्वामी, हे नाव रूढ झाले. नांगर मात्र धन्याचाच राहिला.) बंधन साखळदंडाचे नव्हते. मुलाचे लग्न ठरले की धनी पैसे देई. त्या दिवसापासून मुलगा नांगराला, त्याची बायको धन्याच्या गोठ्याला. कामाच्या दिवशी धान्य मिळे. ते इतके बेताचे की कर्ज फिटण्याऐवजी वाढे. पुढे त्याच्या मुलाचे लग्न येई आणि खाते पुन्हा उघडे. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकात या भागातील गावांत राहून हे सारे तपासले आणि १९७४ साली ग्रंथरूपाने मांडले.

मग इंग्रज काय करीत होते? १६१३ साली जहांगीर बादशहाच्या परवानगीने कंपनीची वखार सुरतेत उभी राहिली. कापूस, कापड, नीळ घेऊन बोटी जाऊ लागल्या. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला आणि १८०० मध्ये सारा कारभार कंपनीच्या हाती गेला. व्यापारी राजा झाला की काय होते, ते विणकरांनी पाहिले. आगाऊ रक्कम हाती ठेवायची आणि कंपनीचा माल पुरा होईपर्यंत दुसऱ्या कोणाला विकायचा नाही, असा दंडक. रक्कम घेणारा स्वतःच्या मागावर परका झाला.

आणि हे कापड जाई कोठे? पुष्कळसे आफ्रिकेतही. गुजरातच्या कापडाला मोझांबिककडे नाण्यासारखे चलन होते. त्याच्या बदल्यात हस्तिदंत मिळे आणि माणसेही मिळत. दीव-दमणचे आपलेच व्यापारी त्या उद्योगात पोर्तुगीजांबरोबर होते. पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय व्यापारी गुलाम घेताना जो माल देत, त्यातही हिंदुस्थानी कापड असे. अटलांटिक समुद्रापार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंडली गेली आणि सुमारे एक कोटी सात लाखच पलीकडे जिवंत उतरली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. ती माणसे कशासाठी नेली? मोठ्या भागाने उसासाठी. चहात घालण्याच्या साखरेसाठी.

येथे बोट केवळ गोऱ्यांकडे दाखवून आपणास सुटता येणार नाही. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर हा बालपणी विकला गेलेला हबशीच होता. गोव्याच्या भर बाजारात माणसांचा लिलाव चाले, हे १५८० च्या दशकात तेथे राहिलेल्या लिन्स्खोतेन या डच माणसाने लिहून ठेवले आहे.

इंग्रजांनी १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांना नव्हे, मालकांना! त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटनने २०१५ साली फेडला. कंपनीचा हिंदुस्थान या कायद्यातून वगळला होता. १८४३ च्या कायद्याने येथील न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे सोडले, पण हाळी कागदोपत्री गुलाम नव्हताच, तो कर्जदार होता! त्याला त्या कायद्याचा काय उपयोग? तिकडे मॉरिशसच्या उसाला माणसे हवीच होती. १८३४ पासून गिरमिटाचे मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून आपली मराठी माणसेही गेली. त्यांचे वंशज आज तेथे गणेशचतुर्थी करतात, आणि त्या दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी असते. गिरमिटाच्या करारातही आधी आगाऊ रक्कम आणि मग पाच वर्षे.

१९२८ च्या बारडोली सत्याग्रहाचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. सरकारने सारा बावीस टक्क्यांनी वाढविला होता. वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो रोखला आणि चौकशीनंतर वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. परंतु सारा भरणारा तो जमीनवाला. हाळीच्या नावावर जमीन नव्हती, त्याची वाढ कोणी मोजावी? पुढे त्याच्या मुक्तीचे प्रयत्न झाले, आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. पण प्रथा मोडली ती केवळ दयेने किंवा कायद्याने नव्हे. रोख पिके आली, तेव्हा वर्षभर माणूस पोसण्यापेक्षा कामापुरता रोजाने घेणे स्वस्त, हा हिशेब धन्यांना कळला. हाळी सुटला आणि उपाशी राहिला. १९५० च्या दशकात बारडोलीला साखर कारखाना निघाला, पुढे आणखी निघाले. त्यांनी ऊसतोडीला दाराशी असलेल्या हळपतींना न घेता खानदेशातून कोयते आणले. परका माणूस रात्रीबेरात्री हाकेला येतो, घरी पळून जात नाही. गावचे हळपती हंगामात वीटभट्टीला बाहेरगावी जातात. हा विचित्र व्यवहार ब्रेमन यांनीच टिपला आहे.

आता मुक्कामाची गोष्ट पुरी करतो. पूजेनंतर एका भक्ताने मठाच्या अन्नदासोहासाठी पाकीट पुढे केले. ते ऊसतोडीचे मुकादम, वडीलही मुकादमच. पावसाळ्यात घरोघर उचल वाटायची, हंगामात माणसे आणायची, पंधरवड्याला खावटी द्यायची, ती खात्यावर चढवायची. मी म्हटले, "वही दाखवाल का?" त्यांनी आढेवेढे न घेता दाखविली. अक्षर सुरेख. पाने उलटता उलटता एका नावापाशी थांबलो. मागची बाकी चढत गेलेली, मग नावावर काट, आणि तीच रक्कम खालच्या ओळीत दुसऱ्या नावाने. विचारले, तर म्हणाले, "महाराज, बाप वारला. पोरगा आता कोयत्याला येतो. बाकी त्याच्याकडे घेतली."

मी पाकीट त्यांच्या हातात परत ठेवले. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "महाराज, मी काही सावकार नाही. कारखाना मला पैसे देतो आणि माझ्याकडून वसूल करतो. माणूस पळाला तर माझे घर जाते. आपण सांगा, मी वही फाडू का?"

खरे सांगतो, या प्रश्नाचे पुरे उत्तर माझ्यापाशी नव्हते. वर कारखाना, त्याच्यावर बाजार, त्याच्यावर आपण, साखर स्वस्त मागणारे. मी इतकेच म्हणालो, "वही फाडू नका. पण मेलेल्याची बाकी जिवंताच्या नावावर लिहिण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी लेखणी मागितली. ती एक ओळ खोडली आणि बाजूला तारीख घातली. अशी आणखी तीन नावे आहेत, असे त्यांनी आपणहून सांगितले. त्यांचा हिशेब घेऊन श्रावणात मठात येतो म्हणाले. पाकीट त्यांच्याकडेच आहे.